‘आढळले नाही’ म्हणजे नेमकं किती?

दुधातल्या जड धातूंच्या तपासणीविषयी अन्नसुरक्षा नियामक, दूधप्रक्रिया उद्योग आणि तपासणी प्रयोगशाळा यांना खुलं पत्र

माननीय महोदय आणि महोदया,

स.न.वि.वि.

दूध पावडरीच्या एका डब्याबद्दल मी आपल्यापैकी दोघांना पत्रं लिहिली होती. एक उत्पादक कंपनीला, एक नियामक कार्यालयाला. कार्यालयाने कळवलं, ‘कृपया संबंधित उत्पादकाशी संपर्क साधावा.’ उत्पादकाने कळवलं, ‘आमच्या उत्पादनात जड धातू आढळलेले नाहीत,’ आणि सोबत प्रयोगशाळेचा दोन पानी अहवाल जोडला. दोन्ही उत्तरं वेळेत आली, भाषा सभ्य होती आणि दोन्हींचा मला काडीचा उपयोग झाला नाही. का झाला नाही, ते चारचौघांत सांगावं म्हणून हे तिसरं पत्र उघड लिहिते आहे.

आधी माझ्याबद्दल. मी 31 वर्षं अन्नपदार्थांच्या प्रयोगशाळेत विश्लेषक होते, त्यातली शेवटची 12 वर्षं धातूंच्या विभागात. ‘एनडी’, म्हणजे ‘नॉट डिटेक्टेड’, आढळले नाही. ही दोन अक्षरं मी किती अहवालांवर लिहिली असतील याला मोजदाद नाही. त्यामुळे खाली ज्यांना नावं ठेवणार आहे त्यांत मीही येते, हे आधीच कबूल केलेलं बरं.

माझी नात तेव्हा 11 महिन्यांची होती. फिकट दिसते म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन कमी निघालं. लोह कमी असलेलं शरीर शिसं जास्त शोषून घेतं, म्हणून त्यांनी शिशाचीही तपासणी लिहून दिली. आकडा आला डेसिलिटरला 7 मायक्रोग्रॅम. पोर खेळत होती, धरून उभी राहत होती, वरून काहीही दिसत नव्हतं. पण 2021 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 5 किंवा त्याहून वर आकडा गेला की शिसं कुठून येतंय ते शोधून ती वाट बंद करायची असते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने तर त्याच वर्षी आपला संदर्भ आकडा 5 वरून 3.5 वर आणला. डॉक्टर आम्हाला एवढंच म्हणाले, “घरात शोधा.”

शोधायचं कुठे? त्या वयाच्या बाळाच्या पोटात जातं काय, तर दूध. सुनेच्या आजारपणामुळे चौथ्या महिन्यापासून पावडरीचा डबा सुरू होता. “डबा मीच सुरू केला,” एवढंच वाक्य ती दोन दिवस घोळवत बसली. मी तिला म्हटलं, थांब, आपल्या हातात कागद येऊ दे. कागद काय असतो ते मला माहीत होतं, निदान तसा माझा समज होता.

कागद आला. शिसं: एनडी. कॅडमियम: एनडी. आर्सेनिक: एनडी. पारा: एनडी. दुसऱ्या पानाच्या तळाशी, मला चष्मा कपाळावर सरकवून कागद नाकाशी धरावा लागला इतक्या बारीक अक्षरात, एक ओळ होती: ‘एनडी म्हणजे 0.5 मिलिग्रॅम प्रति किलोपेक्षा कमी.’

आता हिशेब मांडते, कारण माझी सगळी तक्रार या एका ओळीत आहे. बाळाच्या दुधात, म्हणजे पाणी घालून पिण्यासाठी तयार केलेल्या दुधात, किलोला 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं नसावं असं कोडेक्सचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांचं, मानक सांगतं. 100 ग्रॅम तयार दुधात साधारण 13 ग्रॅम पावडर पडते. मग पावडरीत किलोला 0.49 मिलिग्रॅम शिसं असतं, तरी या अहवालावर ‘एनडी’च छापून आलं असतं, आणि तयार दुधात ते 0.06 च्या वर गेलं असतं. म्हणजे मर्यादेच्या सहा पट. माझी नात दिवसाला 600 मिलिलिटर दूध पीत होती. तिच्या पोटात रोज 38-39 मायक्रोग्रॅम शिसं गेलं असतं आणि कागद म्हणाला असता, काही आढळलं नाही. तुलनेसाठी सांगते, अमेरिकेच्या एफडीएने मुलांच्या आहारातल्या शिशाचा विचार करताना दिवसाला 2.2 मायक्रोग्रॅम हा आकडा संदर्भाला धरला आहे. तो काही धोक्याचा काठ नव्हे, त्यात दहा पटींची खबरदारी धरलेली आहे. तरी 2.2 कुठे आणि 39 कुठे.

फुटपट्टीने केसाची जाडी मोजायला जावं आणि ‘जाडी आढळली नाही’ असं लिहून द्यावं, तशातली ही गत. अहवाल खोटा नव्हता. त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता. म्हणूनच तो मला जास्त खुपला.

पुढे काय झालं तेही सांगते, नाहीतर हे पत्र दुधाच्या बदनामीचं ठरेल. मी तीन प्रयोगशाळांना विचारलं. एकीची मोजमर्यादा, म्हणजे तिला मोजता येणारं कमीत कमी प्रमाण, तीच, 0.5. दुसरी सामान्य ग्राहकाकडून नमुनाच घेत नाही. तिसरीने घेतला, आयसीपी-एमएसवर, म्हणजे अगदी सूक्ष्म प्रमाणातले धातू मोजणाऱ्या यंत्रावर, चालवला आणि आकडा दिला: पावडरीत किलोला 0.011 मिलिग्रॅम. तयार दुधात म्हणजे साधारण 0.0014, मर्यादेचा सातवा हिस्सा. दूध सुटलं. शिसं सापडलं खिडकीच्या चौकटीत. जुन्या रंगाचे थर, त्यांचे पोपडे, आणि धरून उभं राहायला बाळाला नेमकी सोयीची उंची. चौकटीच्या खालच्या कडेवर दोन दातांच्या बारीक खुणा होत्या.

या सगळ्याला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे आम्ही डब्याकडे बघत होतो आणि पोर खिडकीशी उभी होती. पहिल्याच पत्राला ‘0.011’ एवढं उत्तर आलं असतं तर आम्ही दुसऱ्या दिवशी घरात इतरत्र शोधायला लागलो असतो. कंपनीचं उत्पादन चांगलं होतं, हे मी कंपनीपेक्षा जास्त खात्रीने सांगू शकते, आणि हीच माझी तिच्यावरची तक्रार आहे. सांगण्यासारखं होतं, पण सांगता येईल असं तिने मोजून घेतलंच नव्हतं. दोष सापडण्यासाठी तपासणी करतात हे सगळ्यांना कळतं. एखादी वस्तू निर्दोष आहे म्हणून संशयाच्या यादीतून काढून टाकता यावी, यासाठीही ती करायची असते, हे आपण विसरलो आहोत.

तर आता मुद्द्यांवर येते.

पहिला मुद्दा मांडून झालाच आहे: मोजमर्यादा न सांगता लिहिलेलं ‘आढळले नाही’. त्याचंच जुळं भावंड म्हणजे आकडा कशाचा आहे हे न सांगणं. पावडरीचा की तयार दुधाचा? दुधासाठी कोडेक्सची शिशाची मर्यादा किलोला 0.02 मिलिग्रॅम आहे, आणि पाणी काढून घट्ट किंवा कोरड्या केलेल्या दुधाला ती लावताना दूध किती पट घट्ट झालं हे धरायचं असतं. किलोभर पावडरीसाठी आठेक लिटर दूध आटवावं लागतं. मग पावडरीतल्या 0.1 ला ‘मर्यादेच्या पाचपट’ म्हणून बोंब ठोकणारा चुकतो, आणि तयार दुधाचा आकडा पावडरीच्या रकान्यात टाकणारा फसवतो. मी दोन्ही प्रकारचे कागद पाहिले आहेत. बातम्याही.

चीजचा विचार तर वेगळाच हवा. कडक चीज किलोभर करायला दहाएक लिटर दूध लागतं. शिसं दुधातल्या केसिनला धरून राहतं, त्यामुळे निवळीबरोबर वाहून जाण्याऐवजी बरंचसं चीजमध्येच उरतं. लोण्यात उलट, तुपकट भागात ते कमी जातं. कोको घातलेल्या दुधात कॅडमियम येतं ते गाईकडून नव्हे, कोकोच्या झाडाने जमिनीतून उचललेलं. ‘दुग्धजन्य पदार्थ’ अशी एकच ओळ करून वर्षाकाठी चार नमुने तपासले, की यातलं काहीच दिसत नाही.

दुसरा मुद्दा: आपण बघता कुठे. दूध संकलनाच्या ठिकाणी फॅट लागतं, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) लागतं, पाणी घातलंय का ते बघतात, प्रतिजैविकांचा अंश बघतात. ते योग्यच आहे. प्रत्येक टँकरचं शिसं मोजा असं मी म्हणणार नाही. तो खर्च वायफळ आहे, कारण निरोगी जनावराच्या दुधात शिसं मुळातच कमी उतरतं. गाईच्या पोटात गेलेल्या शिशातलं बरंचसं शेणावाटे निघून जातं, शोषलेलं हाडांत, यकृतात, मूत्रपिंडात बसतं. कॅडमियमही यकृतात आणि मूत्रपिंडात साठतं, दुधात फार थोडं येतं. गाय ही आपली गाळणी आहे, असं आमचे एक साहेब म्हणायचे. पण ही गाळणी ठराविक पातळीपर्यंतच चालते. रक्तातलं शिसं त्यापलीकडे गेलं की दुधातलं झपाट्याने वाढतं.

आणि ते त्यापलीकडे जातं कसं? जगभरात गुरांना शिशाची विषबाधा होण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे टाकून दिलेली बॅटरी. कुंपणाशी फुटकी बॅटरी पडलेली असते, गुरं येऊन ती चाटतात. कधी चारा कापताना यंत्रात बॅटरी सापडते आणि तिचे तुकडे सगळ्या वैरणीत मिसळतात. शिशाचे कण जड, ते गाईच्या पोटातल्या जाळीसारख्या कप्प्यात तळाशी बसतात आणि महिनोन् महिने थोडे थोडे विरघळत राहतात. एखादं जनावर आंधळं होतं, दात खातं, कोसळतं. त्याच गोठ्यातली बाकीची धडधाकट दिसतात आणि दूध देत राहतात. त्या दुधात शिसं असू शकतं.

आता हे दूध टँकरमध्ये पडलं की शंभर गोठ्यांच्या दुधात मिसळून विरळ होतं. शहरातल्या ग्राहकाला त्याचा फार धोका उरत नाही, हे खरं. पण त्या एका गाईचं दूध रोज कोण पितं? तिची धार काढणाऱ्याची मुलं. टँकरचा नमुना ‘ठीक’ म्हणतो तेव्हा तो त्या घराबद्दल काहीच बोलत नसतो. तपासणीची आखणी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हे घर कधी येतं का, असा मला प्रश्न पडतो.

म्हणून बघायचं असेल तर जिथून धातू आत येतात तिथे बघा. खनिज मिश्रणात बघा: त्यातल्या फॉस्फेटमध्ये कॅडमियम असू शकतं, कमी प्रतीच्या झिंक ऑक्साइडमध्ये शिसं आणि कॅडमियम दोन्ही. कारखान्याच्या पाण्यात बघा. जुनी धातूगाळणी, बॅटऱ्या फोडण्याचे उद्योग, रहदारीचे जुने रस्ते यांच्या कडेच्या कुरणांत बघा. शिसंयुक्त पेट्रोल जगातल्या शेवटच्या देशात बंद झालं ते 2021 मध्ये, पण मातीत उतरलेलं शिसं पेट्रोल बंद झालं म्हणून उठून जात नाही. चरताना गाय गवताबरोबर मातीही खाते.

आणि कारखान्यात दुधात जे काही घातलं जातं, त्यात बघा. इथे 1955 सालच्या जपानची आठवण करून देणं मला भाग आहे. मोरिनागा कंपनीच्या दूध पावडरीत आर्सेनिक सापडलं. 12,000 हून अधिक बाळं आजारी पडली, शंभराहून अधिक दगावली. आर्सेनिक गाईतून आलं नव्हतं. दूध स्थिर राहावं म्हणून घातलेल्या सोडियम फॉस्फेटमधून आलं होतं, आणि ते फॉस्फेट खाण्याच्या प्रतीचं नव्हतं, कारखान्यातला उपपदार्थ होतं. त्या प्रकरणातला एक तपशील मला विसरता येत नाही. तसलंच फॉस्फेट जपानच्या रेल्वेने इंजिनाचे बॉयलर धुण्यासाठी मागवलं होतं. रेल्वेने ते आधी तपासलं, आर्सेनिक दिसलं म्हणून परत पाठवलं. बॉयलरसाठी तपासणी झाली. बाळांसाठी पुरवठादाराच्या शब्दावर भागवलं गेलं.

आज तसं होत नाही, असं आपण म्हणाल. होत नसेल. मग स्थिरकांच्या, खनिजांच्या, जीवनसत्त्वांच्या मिश्रणाच्या प्रत्येक पोत्याबरोबर येणाऱ्या प्रमाणपत्रावर धातूंपुढे काय लिहिलेलं असतं ते एकदा काढून बघा. ‘पालन करते’ असं लिहिलेलं असेल, तर त्या शब्दांना आकडा म्हणत नाहीत.

तिसरा मुद्दा माझ्या व्यवसायबंधूंसाठी आणि भगिनींसाठी आहे, तो जरा घरातला आहे.

धातूंचं काम करणाऱ्या प्रत्येकाला ‘ब्लँक’ म्हणजे काय ते माहीत आहे. इतरांसाठी सांगते: नमुना न घालता, नुसतं आम्ल आणि पाणी तसंच्या तसं सगळ्या पायऱ्यांतून न्यायचं आणि मोजायचं. जे येईल ते आपल्या भांड्यांचं, आम्लाचं, हवेचं. एकदा आमच्याकडे दुधाचे 18 नमुने लागले होते. नायट्रिक आम्लात टाकून मायक्रोवेव्हमध्ये डायजेशन झालं, म्हणजे दूध पूर्ण विरघळवून झालं, नळ्या मशीनवर चढवल्या आणि ब्लँकमधलं शिसं नमुन्यांपेक्षा जास्त आलं. शेजारच्या खोलीत तीन दिवस भिंत फोडण्याचं काम चालू होतं. दारं बंद होती, तरी धूळ फटींतून येतच होती. मी टेबलावरून बोट फिरवलं तर बोटाला पांढरी पूड लागली. नियमाने ती सगळी तुकडी फेकून पुन्हा करायला हवी होती. वरून सांगण्यात आलं, ब्लँक वजा करा, उणे येतंय तिथे एनडी लिहा, अहवाल आज जायचे आहेत.

मी लिहिले. ही गोष्ट 20 वर्षांपूर्वीची आहे आणि त्या 18 नमुन्यांत काय होतं ते मला आजही ठाऊक नाही.

याची उलटी बाजूही आहे. आयसीपी-एमएसवर दूध नीट चालवलं नाही तर नसलेला धातू दिसतो. दुधातलं क्लोराइड मशीनमधल्या आर्गॉनशी जोडी जमवतं आणि त्या जोडीचं वस्तुमान बरोबर आर्सेनिकएवढं, 75, भरतं. दुधात मॉलिब्डेनम असतं, त्याचं ऑक्साइड कॅडमियमच्या जागेवर येऊन बसतं. अशा जोड्या अडवायला मशीनच्या कोलिजन सेलमध्ये हेलियम सोडणं, दुरुस्तीची समीकरणं लावणं, हे सगळं त्यासाठीच असतं. ज्याला हे माहीत नाही त्याच्या हातून एखाद्या गवळ्याचा धंदा एका दुपारीत बुडू शकतो. म्हणून माझा आग्रह आहे की आकड्याबरोबर त्याचा पुरावाही हवा: ब्लँक किती आला, प्रमाणित दूध पावडर शेजारी चालवली का, तिची रिकव्हरी किती, म्हणजे तिच्यात असलेल्यापैकी किती टक्के धातू मोजणीत सापडला. अशी प्रमाणित पावडर मिळते. उदाहरणार्थ, युरोपची ईआरएम-बीडी150. शिसं किती आहे हे आधीच ठाऊक असलेलं दूध. त्यात बरोबर आकडा काढता आला नाही, तर दुसऱ्याच्या दुधाबद्दल बोलू नये.

जाता जाता: हातात धरून डब्यावर टेकवायची एक्स-रे बंदूक दाखवून ‘पाहा, धातू नाहीत’ म्हणणारे व्हिडिओ बघते तेव्हा हसू येतं. ती यंत्रं भिंतीच्या रंगासाठी उत्तम आहेत, आमची खिडकी त्यानेच पकडली गेली. पण दुधाच्या मर्यादा जिथे आहेत तिथपर्यंत त्यांची नजर पोहोचत नाही. दुधाच्या कंपन्यांनी ती जाहिरातीत वापरू नयेत.

चौथा मुद्दा गुप्ततेचा. आपल्यापैकी काही कंपन्या चांगली, बारीक तपासणी करून घेतात, हे मला आतून माहीत आहे. ते आकडे फडताळात राहतात. का, असं विचारलं की उत्तर येतं, लोक घाबरतील. शून्य नसलेला कोणताही आकडा दिसला की लोक घाबरतात, हे खरं आहे. पण याला उपाय आकडा दडवणं नव्हे. शिशाबाबत तर नव्हेच. आठवड्याला शरीराच्या किलोमागे 25 मायक्रोग्रॅम शिसं चालेल, असा एक आकडा जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने पूर्वी दिला होता. 2010 मध्ये तिने तो मागे घेतला, कारण सुरक्षित म्हणता येईल अशी पातळीच दाखवता येईना. लहान मुलं पोटात गेलेलं शिसं प्रौढांच्या चार-पाच पट शोषतात. मग ‘मर्यादेच्या आत आहे’ या तीन शब्दांवर विषय संपत नाही. मर्यादेच्या आत 0.009 ही आहे आणि 0.001 ही आहे. बाळासाठी त्यांत नऊ पटींचं अंतर आहे.

आणि आकडा उघड झाला की तो खाली येतो, हा अनुभव आहे. एकेकाळी बाळांना दिलं जाणारं आटीव दूध शिशाच्या डाखाने जोडलेल्या टिनच्या डब्यांतून यायचं. त्यातलं शिसं मोजलं गेलं, त्याची चर्चा झाली, डबे बदलले. अमेरिकेत 1991 पर्यंत उत्पादकांनी तो डाख बंद केला आणि 1995 मध्ये एफडीएने त्यावर बंदीच घातली. लोक घाबरले म्हणून दूध विकायचं थांबलं नाही.

आता मागण्या. त्या अवघड नाहीत.

नियामकांकडे: धातूंच्या कोणत्याही अहवालावर नुसतं ‘आढळले नाही’ लिहिणं बंद करा. ‘0.002 पेक्षा कमी’ असं आकड्यात लिहायला लावा, आणि ज्या प्रयोगशाळेची मोजमर्यादा कायद्याच्या मर्यादेपेक्षा वर आहे तिचा अहवाल त्या पदार्थासाठी बाद ठरवा. आकडा पावडरीचा की तयार दुधाचा, ते सक्तीने छापायला लावा. बाळांच्या दुधाचे निकाल बॅच क्रमांकासह लोकांना पाहता येतील असे ठेवा, चांगले आणि वाईट सगळे. नमुना कंपनीने पाठवलेला नसावा, बाजारातून आपण उचललेला असावा. आणि कोडेक्समध्ये साध्या दुधासाठी शिशाची मर्यादा आहे पण कॅडमियमची नाही, म्हणून कॅडमियम बघायचंच नाही असा अर्थ काढू नका.

कंपन्यांकडे: कच्च्या मालाच्या प्रमाणपत्रांवर विसंबू नका, स्वतः मोजा, विशेषतः खनिजं आणि फॉस्फेटं. ग्राहकाने बॅच क्रमांक देऊन विचारलं तर 30 दिवसांत आकडा, एकक, पद्धत आणि मोजमर्यादा कळवा. मला आलेल्या पत्राला चकचकीत लेटरहेड होतं. ते साधं असलं तरी चालेल.

प्रयोगशाळांकडे: ब्लँक बिघडला तर तुकडी फेका. ज्या तरुण विश्लेषकाने ती फेकायचं धाडस केलं त्याच्या पाठीशी उभे राहा. माझ्या पाठीशी कुणी उभं नव्हतं, पण मीही मागे वळून कुणी आहे का ते पाहिलं नाही.

शेवटची मागणी गोठ्यासाठी आहे आणि ती मला सगळ्यांत निकडीची वाटते. एखाद्या कळपात शिसं सापडलं की त्या गाईंचं दूध काही महिने ओतून द्यावं लागतं, रक्ताचे नमुने पुन्हा पुन्हा घ्यावे लागतात. ते नुकसान एकट्या गवळ्याच्या माथी मारलंत तर त्याची दुसरी गाय कोसळेल तेव्हा तो आपल्याला फोन करणार नाही. ती गाय गुपचूप पुरेल आणि बाकीच्यांचं दूध घालत राहील. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. दुधाची भरपाई आणि घरातल्या मुलांची रक्ततपासणी या दोन गोष्टी लेखी द्या, मग तो स्वतःहून कळवेल.

नातीचा आकडा गेल्या तपासणीत 4 वर आला आहे. चौकट काढून टाकली, पोपडे ओल्या फडक्याने पुसून गोळा केले, लोहाचं औषध चालू आहे.

त्या डब्यात अजून थोडी पावडर शिल्लक आहे. झाकण घट्ट लावून, वर बॅच क्रमांक आणि डबा उघडल्याची तारीख लिहून मी ती कोरड्या कपाटात ठेवली आहे. ज्या कंपनीने ती बनवली तिला हवी असेल तर तिने माणूस पाठवावा, मी देईन. येताना आपल्या प्रयोगशाळेची मोजमर्यादा तेवढी लिहून आणावी.

कळावे,

आपली,
एक निवृत्त अन्न विश्लेषक